पाण्याबरोबर चालत गेलेला पाटकरी

पूर्वी वेणुपूर नगरात भद्रसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नदीकाठच्या एका पाटकऱ्याच्या घरी जन्मले होते. पण ती गोष्ट जरा थांबवतो. शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ती कुणासाठी सांगितली ते आधी सांगायला हवं, म्हणजे पुढचं नीट लागेल.

विहारात सोमिल नावाचे एक वयस्कर भिक्खू होते. नव्या भिक्खूंना चीवर रंगवायला तेच शिकवत. सालीचा काढा करायचा, त्यात राखेचं खारं पाणी घालायचं, मग कापड बुडवायचं. वीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं. पण त्यांच्या शिकवणीनं रंगवलेली चीवरं एका पावसाळ्यातच विरत. कुणी तसं म्हटलं की सोमिल म्हणत, "तुम्हाला वापरायची रीत नाही. काट्याकुट्यात बसता, आणि नावं रंगाला ठेवता."

मग सेलक नावाचा एक भिक्खू आला. तो रंगाऱ्याच्या घरचा. त्यानं हंड्याचा वास घेतला आणि हळूच म्हणाला, "भंते, खार फार पडतोय. कापड त्यानं जळतंय." सोमिल रागावले. पण मनात राहिलं, म्हणून त्यांनी दोन तुकडे वेगवेगळे रंगवून उन्हात टांगले. महिन्याभरानं त्यांचा तुकडा बोटांत चुरला. सेलकचा होता तसाच राहिला.

त्या दिवसापासून सोमिल कुटीबाहेर येईनात. "वीस वर्षं मी लोकांची वस्त्रं जाळली, आणि वर त्यांनाच बोललो. आता कोणत्या तोंडानं बाहेर येऊ? मी इथून निघूनच जातो," असं आतूनच म्हणत.

शास्ता स्वतः आले आणि त्या कुटीच्या दाराशी बसले. मागोमाग बाकीचे भिक्खूही बसले. आणि मग शास्त्यांनी ही जुन्या जन्मीची गोष्ट सांगितली.

वेणुपूरच्या वरच्या अंगाला नदीवर एक दगडी बंधारा होता. त्यातून एक पाट निघे. पाटावर पाच गावं. पहिलं मोहगाव, ते बंधाऱ्याला लागूनच. शेवटचं टेंभी, तिथं पाट संपे. मधे तीन गावं. प्रत्येक गावाला पाच दिवसांतून एकदा पाण्याची पाळी, दहा घटकांची. बाकी वेळ पाणी खाली नगराला सोडायचं, असा राजाचा नियम होता.

पाळी मोजायचं काम पाटकऱ्याचं. बंधाऱ्यावर पाण्यानं भरलेलं एक घंगाळ होतं. त्यात तांब्याची वाटी सोडायची. वाटीच्या बुडाला बारीक भोक. त्यातून पाणी चढत चढत वाटी बुडाली की एक घटका झाली. मग पाटकरी काशाच्या थाळीवर टोला मारी. तो टोला थेट टेंभीपर्यंत ऐकू जाई. पाटाच्या तोंडाशी पाणी अडवणारी फळी उचलली की वाटी सोडायची, आणि दहावा टोला पडला की फळी टाकायची, अशी रीत. बोधिसत्त्वांचे वडील तसंच करीत, आजोबाही तसंच करीत.

बोधिसत्त्वांचं नाव तेव्हा उज्जय. अठरा वर्षं ते बंधाऱ्यावर बसले. कुणाकडून उसाचं कांडंही घेतलं नाही. एकदा सख्खा मेहुणा अर्धी घटका जास्त मागायला आला, तर त्याला म्हणाले, "घरी ये, जेवायला वाढतो. इथं मी तुला ओळखत नाही." लोक त्यांना खऱ्याचा पाटकरी म्हणत. ते ऐकून त्यांना बरं वाटे. जरा जास्तच बरं वाटे, म्हणायला हरकत नाही.

टेंभीचे लोक मात्र दरवर्षी येत. म्हणत, "पाटकरी दादा, आमचं रान भिजत नाही." बोधिसत्त्व त्यांना वाटी दाखवत. "दहा घटका त्यांना, दहा तुम्हाला. वाटी कुणाची मेहुणी नाही. फावडं लवकर उचलत जा." लोक खाली मान घालून परत जात.

टेंभीत पिंगल नावाचा शेतकरी होता. एका वर्षी त्याचं जव दाण्यावर आलं आणि जमीन भेगाळली. त्यानं पाळीच्या दिवशी पहाटे येऊन तीन घटका आधीच फळी उचलली. तो पकडला गेला. पाचही गावं जमली. चोरून फळी उचलणाऱ्यानं पाटाचा मुलूख सोडायचा, असा पाटाचा नियम होता.

पिंगल म्हणाला, "फळी उचलली, ते खरं. पण आमचे चार टोले कोरडे जातात, तेही खरं."

बोधिसत्त्वांनी सगळ्यांदेखत वाटी घंगाळात सोडली. ती बुडेपर्यंत कुणाला उठू दिलं नाही. मग म्हणाले, "दाखव. खोट कुठं आहे ते बोट ठेवून दाखव."

पिंगलनं वाटी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. त्याला खोट काही सापडली नाही. सापडणार कशी? वाटीत ती नव्हतीच. तो डोंगरात निघून गेला. घरी त्याची बायको सामा आणि म्हातारी आई तेवढ्या राहिल्या.

तीन वर्षं गेली.

एका सकाळी टेंभीच्या पाळीला बोधिसत्त्व फळी उचलायच्या बेतात होते, तेवढ्यात सामा आली. तिच्या हातात जवाची मूठभर ताटं होती. तिनं ती घंगाळाच्या काठावर ठेवली. कणसं दिसायला चांगली होती, पण चोळली तर आत दाणा नव्हता.

बोधिसत्त्व म्हणाले, "बाई, वाटी दाखवू का?"

"नको दादा. वाटी मी पाहिली आहे. वाटी खरी आहे. तुम्हीही खरे आहात."

"मग?"

"मग काही नाही. एकदा पाण्याबरोबर चालत या."

"म्हणजे?"

"फळी उचला, आणि पाणी जसं जाईल तसं त्याच्या शेजारनं चालत टेंभीला या. अठरा वर्षं झाली, तुम्ही आमच्याकडे आला नाहीत. एक कोस तर आहे. सासूबाई म्हणतात, पाटकऱ्याचे पाय बंधाऱ्यातच चुन्यानं बसवलेत."

बोधिसत्त्वांना राग आला. चोराच्या बायकोनं आपल्याला काम शिकवावं! उत्तर अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांची नजर त्या पोकळ कणसांवर गेली, आणि त्यांना वाटलं, ही बाई न रडता, न भांडता फक्त चालायला सांगते आहे. चालण्यानं काय जातं? त्यांनी वाटी आपल्या मेहुण्याच्या, भोजच्या हाती दिली आणि म्हणाले, "फळी उचल. टोले नीट दे." आणि ते पाटाच्या काठानं निघाले.

आता कोरड्या पाटातून पाणी कसं जातं, ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. बंधाऱ्यापाशी ते घोड्यासारखं निघतं. पण मोहगाव ओलांडलं की त्याची जीभ होते. पुढं पालापाचोळा, मागं फेस. खेकड्याचं बीळ आलं की ते भरत बसतं. खळगा आला की थांबतं, फिरतं, पुन्हा निघतं. पाच दिवस तापलेली माती ते पिते आणि सूं सूं आवाज करते. बोधिसत्त्व चार पावलं पुढं जात आणि वळून वाट पाहत.

मागं पहिला टोला पडला. पाणी अजून दुसऱ्या गावाच्या चिंचेपाशी होतं.

"चल की," बोधिसत्त्व पाण्याला म्हणाले. सामा मागून येत होती. तिला हसू आलं. "आम्हीही असंच म्हणतो, दादा. ते ऐकत नाही."

दुसरा टोला पडला. पुढं वाळूचा पट्टा लागला. तिथं तर पाणी दिसेनासंच झालं. बोधिसत्त्वांनी खाली उतरून हातानं पाचोळा ओढून काढला, बोटानं वाट करून दिली. धोतर चिखलानं भरलं. तिसरा टोला पडला. त्यांनी पाठीमागं पाहिलं नाही. अठरा वर्षं हाच टोला त्यांनी स्वतःच्या हातानं मारला होता, पण कोरड्या पाटात उभं राहून तो कसा ऐकू येतो, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

टेंभीचं पहिलं शेत दिसलं. बांधावर माणसं फावडी टेकून उभी होती. पाटात धूळ होती. बोधिसत्त्व त्या धुळीत उभे राहिले, आणि चौथा टोला पडला.

त्यानंतर थोड्या वेळानं पाणी आलं.

पिंगलची म्हातारी आई बांधावर बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरला. "आलं का गं पाणी? आणि हे बरोबर कोण, पाटकरी? अगं बाई! इतक्या वर्षांत एवढं मोठं पाणी आलं नव्हतं."

लोक हसले. बोधिसत्त्व हसू शकले नाहीत. ते दहाव्या टोल्यापर्यंत तिथंच बसले. फळी पडल्यावर पाटात राहिलेल्या पाण्याचं काय होतं, तेही त्यांनी पाहिलं. त्याला जोर नसतो. ते शेतावर चढत नाही, वाळूत जिरून जातं.

मग ते सामाला म्हणाले, "बाई, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की, दादा. दरवर्षी सांगितलं. तुम्ही वाटी दाखवलीत."

बोधिसत्त्वांना पिंगलचे शब्द आठवले. आमचे चार टोले कोरडे जातात. ते त्या दिवशी त्यांना स्वच्छ ऐकू आले होते. त्यांना कळलं, आपण अठरा वर्षं खरेपणानं एक खोटं मोजत आलो, आणि जो खरं बोलला त्याला घरातून उठवलं.

त्यांनी सामापुढं हात जोडले. "बाई, तू मला आंधळ्याला हात धरून एक कोस चालवलंस. मी तुझ्या घरचं माणूस नेलं, आणि तू मला डोळे दिलेस. आता पुढं काय करू ते मला सुचत नाही. तू सांगशील तसं करीन."

सामा म्हणाली, "मी काय सांगणार? पाणी दिसलं ना तुम्हाला? मग झालं." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि त्यांना कुणीतरी निरोप द्या."

संध्याकाळी बोधिसत्त्व बंधाऱ्यावर परतले, तर मोहगावचा पाटील महाबल वाट पाहत होता. पोट मोठं, मनानं तसा वाईट नव्हता. सगळं ऐकून तो म्हणाला, "उज्जया, चूक झाली तर झाली. हळूच दुरुस्त कर. राजाचा हुकूम आला म्हणून सांग, आणि टेंभीच्या दोन घटका वाढव. लोकांपुढं कशाला जातोस? उद्या कुणी तुझ्या वाटीवर विश्वास ठेवणार नाही. आणि त्या पिंगलचं नाव तर काढूच नकोस."

त्या रीतीनं पाणीही मिळालं असतं, नावही राहिलं असतं. बोधिसत्त्व थोडा वेळ नदीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "दादा, तसं केलं तर पाणी वाटेला लागेल. पण पिंगल डोंगरात चोर म्हणूनच राहील. माझं नाव मी त्याच्या नावावर पाय ठेवून उंच केलंय. ते आता खाली येऊ दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी थाळी वाजवून पाचही गावं बोलावली आणि उभं राहून सांगितलं. जसं झालं तसं सांगितलं. चिखलाचं धोतरही बदललं नव्हतं.

"वाटी खरी होती. ती कधी सोडायची, तिथं मी चुकलो. फळी उचलल्यापासून मोजत गेलो. पाणी शेताला लागल्यापासून मोजायला हवं होतं. नगराचं पाणी घटायला नको, म्हणून आजपासून प्रत्येकाला आठ घटका, पण आपल्या रानाला पाणी लागल्यापासून. आणि पिंगल त्या दिवशी खरं बोलला होता. मी त्याला आणायला जातोय. तुम्हाला दुसरा पाटकरी नेमायचा असेल तर नेमा."

गलका झाला. मोहगावचे लोक ओरडले, "आमच्या दहाच्या आठ? आणि पाटात मागं राहिलेलं पाणी टेंभीलाच जातं, ते नाही का मोजायचं?"

"ते वाळूत जातं. मी पाहिलं. ज्याला पटत नाही त्यानं माझ्याबरोबर चालावं."

महाबल म्हणाला, "मी येतो." पाणी सोडलं, आणि तो बोधिसत्त्वांबरोबर निघाला. दुसऱ्या गावाच्या चिंचेपर्यंत गेला, घाम पुसला, पहिल्या टोल्याला खाली बसला आणि पाटातल्या त्या सावकाश पाण्याकडे पाहत म्हणाला, "पुरे. मला पटलं. पुढचं मी मनानंच चालतो." त्यावर जे हसू पसरलं, त्यात मोहगावचा राग बराच धुऊन गेला. पाटकरी बदलायचं कुणी पुन्हा बोललं नाही.

बोधिसत्त्व डोंगरात गेले. तिसऱ्या दिवशी बांबूच्या एका बेटापाशी पिंगल सापडला. तो टोपल्या विणत होता. त्यानं वर पाहिलं, आणि त्याचे हात थांबले.

"पाटकरी दादा, इथवर आलात? आता आणखी काय घ्यायचं राहिलंय?"

"घ्यायला नाही आलो. तू खरं बोलला होतास, एवढं सांगायला आलो." आणि बोधिसत्त्व त्याच्या पायांशी वाकले.

पिंगल मागं सरला. त्यानं विळा उचलला, एक बांबू चिरला, खाली ठेवला. मग म्हणाला, "फळी मी उचललीच होती."

"होय. ती चूक तुझी. पण तिच्या मागची माझी, आणि ती मोठी."

"तीन वर्षं, दादा."

"ती मला परत देता येणार नाहीत. देता आली असती तर मी आज मोकळ्या हातानं आलो नसतो."

पिंगलनं त्यांना तुंब्यातून पाणी दिलं. स्वतः प्याला. उरलेलं बांबूच्या मुळाशी ओतलं. "तुम्हाला चालायला कुणी लावलं?"

"सामानं."

तेव्हा पहिल्यांदा पिंगलच्या तोंडावर हसू आलं. "तिनं मलाही कितीदा सांगितलं होतं, फळीला हात लावू नका, त्यांना चालत आणा. मी ऐकलं नाही." त्यानं अर्धी टोपली तशीच खाली ठेवली आणि उठला.

टेंभीच्या पुढच्या पाळीला एक नवीन गोष्ट झाली. पहिल्या शेताच्या बांधावर दुसरी थाळी टांगली होती, आणि पिंगल तिच्याजवळ उभा होता. सामा आणि म्हातारी बाजूला बसल्या होत्या. इकडे बंधाऱ्यावर बोधिसत्त्वांनी फळी उचलली. पण वाटी पाण्यात सोडली नाही. वाटी हातात धरून ते वाट पाहत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याजवळ मोजायला काही नव्हतं. तिकडच्या माणसाच्या हातावर भरवसा ठेवायचा, एवढंच होतं. ऊन चढलं. भोजनं दोनदा विचारलं, "भाऊजी, सोडायची का?" बोधिसत्त्वांनी मान हलवली.

मग एक कोसावरून टोला आला. बारीक, पण स्वच्छ.

बोधिसत्त्वांचे डोळे भरले. त्यांनी वाटी कपाळाला लावली आणि पाण्यावर ठेवली.

त्यानंतर त्या पाटावर एक रीतच पडून गेली. नवा पाटकरी बसवायचा तर आधी त्यानं शेवटच्या गावापर्यंत पाण्याबरोबर चालायचं, आणि मगच वाटीला हात लावायचा. बोधिसत्त्व स्वतःही दरवर्षी पहिल्या पाळीला चालत जात. सामाच्या घरी जवाच्या कण्यांची पेज पीत, आणि म्हातारी दरवर्षी विचारी, "आलं का मोठं पाणी?"

इथं शास्ता थांबले.

शास्ता म्हणाले, "भिक्खू हो, त्या वेळचा महाबल म्हणजे आपल्या विहाराला रांजण देणारे उपासक. ते आजही अर्ध्या वाटेत बसतात." भिक्खू हसले. "पिंगल म्हणजे हा सेलक. खरं बोलणं याला पूर्वीपासूनच महागात पडत आलंय. आणि अठरा वर्षं चुकत आलेला तो पाटकरी म्हणजे मी."

मग ते दाराकडे वळून हळू बोलले, "सोमिला, आणि सामा म्हणजे तू. मला कळत नव्हतं तेव्हा तू मला एक कोस चालवलंस. तुझे ते उपकार मी विसरलो नाही, म्हणून आज तुझ्या दाराशी येऊन बसलो. मी तेव्हा तुझ्या शब्दावर पाऊल उचललं. आता तू माझ्या शब्दावर उचल."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. सोमिल बाहेर आले. शास्त्यांना वंदन करून ते सरळ सेलकपाशी गेले आणि म्हणाले, "आयुष्मन्, हंडा तू चढव. खार किती घालतोस, ते मी बघून शिकतो." सेलकनं त्यांच्या बसण्यासाठी जागा झाडली.

या जन्मी बोधिसत्त्वांनी जी पारमी, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारी साधना, पाळली, तिचं नाव सत्य. आणि श्रद्धेनं तिचा हात धरला होता, म्हणून ती तिथवर चालत गेली.